बातमीतलं विमान आणि हँगरमधलं विमान

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



सुरुवात एका फोटोपासून करूया. तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनवर तो कधीतरी येऊन गेला असेल. विमानाच्या खिडकीतून काढलेला पंखाचा फोटो. पंखावर चंदेरी पट्ट्या चिकटवलेल्या. खाली मजकूर, ‘सेलोटेप लावून विमानं उडवतात, प्रवाशांच्या जिवाची किंमत नाही.’ आणि शेवटी अर्थातच, ‘सर्वांना पाठवा.’

आम्ही हँगरमध्ये आयुष्य घालवलेली माणसं. हा फोटो आम्हालाही नातेवाईक पाठवतात आणि विचारतात, ‘काय हो, हे खरं का?’ फोटो खराच असतो. फक्त ती सेलोटेप नसते. तिला स्पीड टेप म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते, पाऊस, थंडी आणि वाऱ्याचा मारा सहन करणारी. पंखावरचा रंग निघाला, एखाद्या सांध्यातलं सीलंट उखडलं, तर कायमची दुरुस्ती होईपर्यंत ती लावतात. कुठे लावायची, किती लावायची, किती दिवस चालेल, हे मॅन्युअलमध्ये ठरलेलं असतं. लावल्याची नोंद होते, नोंदीखाली सही होते. ज्या भागावर विमानाचा भार येतो, तो भाग काही टेपने जोडत नाहीत.

आज आम्हाला जे सांगायचंय ते या फोटोतच आहे. प्रवाशाला जे दिसतं आणि बातमीत जे येतं, ते बहुतेक वेळा सापडलेलं, नोंदवलेलं आणि ताब्यात असलेलं असतं. माणसं ज्याने गेली, ते बहुतेक वेळा कोणालाच दिसत नव्हतं. म्हणून घाबरायचं कशाला आणि चिंता कशाची करायची, हा हिशेब आपल्याकडे बराचसा उलटा झालाय. तो थोडा सरळ करायचा प्रयत्न करू.

टेक लॉग नावाची वही

प्रत्येक विमानाची एक वही असते. तिला टेक लॉग म्हणतात. आता बऱ्याच ठिकाणी ती टॅबवर आलीय. वैमानिकाला उड्डाणात काहीही वेगळं आढळलं, एखादा दिवा लागला, आवाज आला, साधा वाचायचा दिवा बंद असला तरी तो त्यात लिहितो. आमच्या भाषेत हा ‘स्नॅग’. विमान उतरलं की लायसन्स असलेला इंजिनिअर ती नोंद वाचतो, काम करतो, काय केलं ते लिहितो आणि सही करतो. ती सही नसेल तर विमान हलत नाही. मग आत मंत्री बसलेले असोत नाहीतर वऱ्हाड.

आता प्रश्न येतो की प्रत्येक स्नॅग लगेच दुरुस्त होतो का? नाही होत. कधी सुटा भाग नसतो, कधी वेळ नसतो. त्यासाठी एक यादी असते, एम.ई.एल. म्हणतात तिला. काय बंद असताना विमान उडू शकतं, कोणत्या अटींवर आणि किती दिवस, हे त्यात लिहिलेलं असतं. काही वस्तूंना ३ दिवसांची मुदत, काहींना १०, काहींना १२०. मुदत संपली की विमान उभं. यादीत नाव नसेल आणि वस्तू सुरक्षिततेशी संबंधित असेल, तर मुदतच नाही. दुरुस्ती होईपर्यंत उड्डाण नाही.

म्हणजे ‘विमानात बिघाड होता तरी उडवलं’ हे वाक्य एका अर्थी रोज, जगभर खरं असतं. विचारायचं ते पुढचं: तो बिघाड यादीत होता का, अटी पाळल्या का, मुदत उलटली होती का? बातमीत हे तिन्ही प्रश्न क्वचित दिसतात.

‘कोसळलं’ म्हणजे काय

मथळ्यांची भाषा बघा. ‘विमान २० हजार फूट कोसळले, प्रवाशांचा आक्रोश.’ प्रत्यक्षात काय घडलेलं असतं? केबिनमधला हवेचा दाब राखणाऱ्या यंत्रणेत काहीतरी बिघडलं. वरून पिवळे मास्क खाली आले. त्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पाव तास पुरतो. म्हणून वैमानिकाने तेवढ्या वेळात १० हजार फुटांपर्यंत खाली यायचं असतं, कारण तिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. ते उतरणं झपाट्याने करायचं, असं त्याला दर वर्षी सिम्युलेटरमध्ये घोटून शिकवलेलं असतं. आत बसलेल्याला भीती वाटणारच, आम्हालाही वाटेल. पण विमान ‘कोसळलं’ नाही, ते ‘आणलं’. एका क्रियापदाचा फरक आहे.

तसंच ‘विमानतळावर आणीबाणी’. वैमानिकाने नुसती शंका कळवली तरी अग्निशमनाच्या गाड्या धावपट्टीच्या कडेला उभ्या राहतात. त्यांच्या नियमातच ते आहे. गाड्यांचा फोटो छान येतो, मग मथळा होतो ‘थोडक्यात बचावले.’

२०२२ च्या जुलैमध्ये आपल्याकडे अशा बातम्यांची रांग लागली होती. तेव्हाच्या डीजीसीए प्रमुखांनी सांगितलं होतं की देशात दिवसाला सरासरी ३० घटना नोंदवल्या जातात. उतरता उतरता पुन्हा वर घेतलेलं विमान, पक्ष्याची धडक, हवामानामुळे दुसरीकडे वळणं, कोणाची तब्येत बिघडणं, सगळं त्यात आलं. बहुतेकांचा सुरक्षिततेला धोका नसतो. पण त्याच महिन्यात त्याच डीजीसीएने एका कंपनीची उड्डाणं आठ आठवड्यांसाठी निम्म्यावर आणली होती, हेही विसरू नका. म्हणजे सगळंच आलबेल नव्हतं. तीस घटनांमधली कोणती एक चिंतेची, हे ओळखणं महत्त्वाचं. रोज तीसही ओरडून सांगितल्या तर ती एक कशी ऐकू येणार?

जे दिसत नव्हतं

आता दुसरी बाजू. तीन प्रसंग सांगतो.

पहिला जपानमधला. १९७८ मध्ये जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ ची शेपटी ओसाकाला उतरताना धावपट्टीला घासली. शेपटीच्या आत एक मोठी भिंत असते, घुमटासारखी. तिच्या पुढे केबिनमधली दाबाची हवा, मागे बाहेरची विरळ हवा. तिची दुरुस्ती झाली, ती निर्मात्या कंपनीच्याच माणसांनी केली. सांध्यावर एक सलग पट्टी बसवायची होती, ती दोन तुकड्यांत बसवली गेली. त्यामुळे रिव्हेटच्या जेवढ्या ओळींनी भार घ्यायचा, तेवढ्या ओळी भार घेईनात. वरून सीलंट, रंग. दिसायला काम सुरेख.

त्यानंतर ते विमान सात वर्षं उडत होतं. बारा हजारांहून जास्त उड्डाणं झाली. दर उड्डाणात ती भिंत किंचित फुगत होती, किंचित सैल होत होती. १२ ऑगस्ट १९८५ ला, तोक्योहून ओसाकाला जाताना, ती फाटली. शेपटीचा मोठा भाग उडाला, हायड्रॉलिकच्या चारही यंत्रणा गेल्या. ५२४ पैकी ५२० माणसं गेली. एकाच विमानाच्या अपघातात याहून जास्त माणसं आजवर गेलेली नाहीत. त्या सात वर्षांत या सांध्याची एक ओळ कुठे छापून आली नाही. येणार कशी? कोणाला माहीतच नव्हतं. ती फाटलेली भिंत आज तोक्योच्या हानेदा विमानतळाजवळ कंपनीच्या केंद्रात ठेवलीय आणि कर्मचाऱ्यांना तिथे नेऊन दाखवतात.

दुसरा प्रसंग ब्रिटनचा, १० जून १९९० चा. बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मलागाला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान. साधारण १७ हजार फुटांवर कॉकपिटची डावी काच उडून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. केबिनमधल्या सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन वाचले, काही महिन्यांत पुन्हा उडायलाही लागले. बातमी कसली, सिनेमाच! पायांना धरून लटकलेला कॅप्टन जगभर गाजला.

आमच्या दृष्टीने खरी गोष्ट त्याच्या २७ तास आधीची आहे. ती काच नुकतीच बदलली होती. तिला ९० बोल्ट. त्यातल्या ८४ बोल्टांचा व्यास जेमतेम पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरकाने लहान होता. उरलेले ६ जाडीला बरोबर, पण लांबीला कमी. काम केलेला माणूस कामचुकार होता का? मुळीच नाही. तो शिफ्टचा प्रमुख होता. रात्रपाळीला माणसं कमी होती, म्हणून त्याने काम स्वतः अंगावर घेतलं. पहाटेची वेळ. जुना बोल्ट हातात घेऊन, अंधुक उजेडात, नजरेने आणि स्पर्शाने नवे बोल्ट जुळवले. स्टोअरमधल्या माणसाने खरा नंबर सांगितला होता; पण याने विचार केला, आधीचे बसले होते ना, मग तसलेच घेऊ. आधीचेही चुकीचेच होते. आणि काच बदलणं हे काम ‘दुसऱ्याने तपासायलाच हवं’ अशा कामांत मोडत नव्हतं. म्हणून तपासणारा दुसरा डोळा नव्हता.

सांगा, यात दोषी कोण? बोल्ट निवडणारा हात तर आहेच. पण कमी माणसं, उजेड, उघडं पडलेलं स्टोअर, न तपासण्याचा नियम, हे सगळे त्या हातामागे उभे आहेत. एका माणसाला काढून टाकलं असतं, तर उरलेलं सगळं तसंच राहिलं असतं. पुढच्या रात्री तिथे दुसरा कोणी उभा असता.

तिसरा प्रसंग इंडोनेशियातला. २९ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचं नवंकोरं बोइंग ७३७ मॅक्स समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. आदल्या दिवशी त्याच विमानाचा एक सेन्सर बदलला होता. बसवलेला सेन्सर दुरुस्त करून आलेला होता, पण त्याचं मोजमाप सुमारे २१ अंशांनी चुकत होतं. त्या संध्याकाळच्या उड्डाणात विमान पुन्हा पुन्हा नाक खाली घालू लागलं. त्या वैमानिकांनी स्विच बंद करून विमान हाताने सांभाळलं आणि जकार्ताला सुखरूप उतरवलं. मात्र टेक लॉगमध्ये सगळं लिहिलं गेलं नाही. इशारा देणारी कांडी थरथरत होती हे नाही, कोणते स्विच बंद केले हेही नाही. इंजिनिअरला जेवढं वाचायला मिळालं तेवढंच त्याने दुरुस्त केलं. सकाळी विमान दुसऱ्या वैमानिकांच्या हाती गेलं.

विमानाच्या रचनेतला दोष फार मोठा होता, तो पुढे सिद्धही झाला. पण आमच्यासारख्यांच्या मनात घर करून राहते ती त्या वहीतली न लिहिलेली ओळ.

माध्यमं वाईट नाहीत, घाई वाईट

इथे कोणी म्हणेल, ‘तुम्ही सगळं पत्रकारांवर ढकलताय.’ तसं नाही. याच मॅक्स प्रकरणात सुरुवातीला बोटं वैमानिकांच्या प्रशिक्षणाकडे दाखवली गेली. मार्च २०१९ मध्ये इथिओपियात दुसरं विमान पडलं, आणखी १५७ माणसं गेली. विमानाला मंजुरी देताना काय काय सुटलं, हे कागद वाचून, इंजिनिअरांशी बोलून बाहेर काढणाऱ्यांत ‘सिअ‍ॅटल टाइम्स’ हे वर्तमानपत्र पुढे होतं. त्यांना २०२० चं पुलित्झर मिळालं. अशी पत्रकारिता आम्हाला हवी आहे.

नको आहे ती लाट. ५ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या नव्या विमानाचा, दरवाज्याच्या जागी बसवलेला भाग हवेत उडाला. कारखान्यात तो भाग उघडला होता आणि बंद करताना चार बोल्ट परत बसवलेच नव्हते. उघडल्याची नोंदही नव्हती. गंभीर प्रकरण. पण नंतर दोन महिने बोइंगच्या कोणत्याही विमानाचं काहीही झालं की तो त्याच मालिकेतला भाग ठरू लागला. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून उडालेल्या ७७७ चं एक चाक खाली पडलं. ते विमान वीस वर्षांहून जुनं! इतक्या वर्षांत त्याची चाकं कितीदा बदलली असतील. चाक कसं बसवलं, हा प्रश्न देखभाल करणाऱ्यांना विचारायचा. विमानाचा कारखाना तिथे कुठे आला? लाटेत हा फरक वाहून जातो आणि मग ज्याने उत्तर द्यायला हवं तो सुटतो.

आणि अहमदाबाद. १२ जून २०२५. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, एकूण २६० जीव गेले. ही जखम आपली आहे, म्हणून जपून बोलतो. महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला. इंधनाचे दोन्ही स्विच उड्डाणानंतर लगेच, एकापाठोपाठ एक बंद स्थितीत गेल्याचं त्यात होतं. एका वैमानिकाने दुसऱ्याला ‘का बंद केलंस’ असं विचारल्याचं आणि दुसऱ्याने ‘मी केलं नाही’ म्हटल्याचं होतं. कोण विचारतंय, कोण उत्तर देतंय, हे नव्हतं. याच अहवालात या प्रकारच्या स्विचच्या कुलपाबद्दल अमेरिकन नियामकाने २०१८ मध्ये दिलेल्या एका सूचनेचाही उल्लेख होता. ती सक्तीची नसल्याने ती तपासणी झालेली नव्हती, असंही लिहिलेलं होतं.

मग काय झालं? ज्यांना वैमानिक दोषी हवे होते त्यांनी पहिला परिच्छेद उचलला. ज्यांना कंपनी दोषी हवी होती त्यांनी दुसरा. अहवाल एकच! शेवटी आपल्या तपास संस्थेला घाईने निष्कर्ष काढू नका असं आवाहन करावं लागलं. अमेरिकेच्या तपास मंडळाच्या अध्यक्षांनीही त्या बातम्या घाईच्या आणि अंदाजाच्या आहेत असं जाहीरपणे म्हटलं. मुंबईकर कॅप्टनच्या, नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. मुलगा गेल्याचं दुःख, त्यावर हे.

बॅटरीची गोष्ट

आता एक आमची घरची गोष्ट, नावं न घेता. पावसाळ्यातली रात्रपाळी संपली. आमचा एक सहकारी स्टाफच्या गाडीतून घरी चालला होता. खिशाला हात लावला तर छोटी बॅटरी नाही. शेवटचं काम इंजिनावर केलेलं. बॅटरी तिथे राहिली असेल तर? विमान तोवर प्रवासी घेऊन निघायच्या बेतात.

त्याच्यासमोर दोन वाटा होत्या. गप्प बसायचं, बहुधा काही झालं नसतं. किंवा फोन करायचा, म्हणजे ‘मी चुकलो असेन’ असं सगळ्यांना सांगायचं. त्याने फोन केला. विमान थांबवलं, प्रवासी उतरवले, इंजिनाची झाकणं उघडली, कोपरा न् कोपरा बघितला. बॅटरी नव्हती. दुपारी ती स्टाफच्या गाडीतच, सीटखाली सापडली.

दुसऱ्या दिवशी छापून आलं, ‘तांत्रिक बिघाडामुळे विमान अडीच तास रखडले, प्रवासी संतप्त.’ बिघाड काहीच नव्हता. एक प्रामाणिक माणूस होता.

आमच्या तेव्हाच्या साहेबांनी त्याला बोलावलं. आम्हाला वाटलं, मेमो. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘उद्या माझी बॅटरी हरवली तर मीही असाच फोन करेन.’ त्यानंतर आमच्या शिफ्टमध्ये हत्यारं मोजल्याशिवाय सही झाली नाही, आणि चूक झाली तर सांगायला कोणी लाजलं नाही.

साहेबांनी मेमो दिला असता, तर पुढच्या वेळी ज्याची बॅटरी खरंच इंजिनात राहिली असती, त्याने फोन केला असता का? अपघाताच्या तपासाचे आंतरराष्ट्रीय नियम म्हणूनच सांगतात की तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं हा नाही. जाणूनबुजून खोटी सही करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण चूक सांगणाऱ्याला फासावर चढवलं की वह्या कोऱ्या राहू लागतात. कोरी वही बघून बाहेरच्याला वाटतं, सगळं उत्तम चाललंय.

बातमी वाचताना

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी आली की चार गोष्टी बघा. बिघाड कोणी पकडला: वैमानिकाने, इंजिनिअरने, की नशिबाने? तोच बिघाड त्याच विमानात पुन्हा पुन्हा येतोय का? येत असेल तर ती खरी चिंतेची बातमी, मग ती आतल्या पानावर का असेना. प्रश्न विमान बनवणाऱ्याचा आहे, चालवणाऱ्याचा, की देखभाल करणाऱ्याचा? आणि चौथं, बातमी अहवालावर उभी आहे की ‘सूत्रांवर’?

पत्रकार मित्र इथे बसले असतील तर त्यांना एकच विनंती. अपघाताच्या दिवशी तुम्ही येता, ते ठीकच. दीड-दोन वर्षांनी अंतिम अहवाल येतो, त्या दिवशीही या. कंपनीला विचारा, रात्रपाळीला किती माणसं आहेत? दुसऱ्या डोळ्याची तपासणी कोण करतं, की तीही सही आधीच झालेली असते? कोणाला चूक कळवल्याबद्दल काढलंय का? या प्रश्नांना फोटो नाही मिळत. पण जपानमधल्या त्या सांध्यालाही कोणी फोटो काढण्याजोगं समजलं नव्हतं.

आणि प्रवासी म्हणून तुम्ही: ‘तांत्रिक कारणामुळे उशीर’ अशी घोषणा झाली की चिडा, तो तुमचा हक्क आहे. पण काउंटरवरच्या मुलीवर ओरडण्याआधी क्षणभर आठवा, आत कुठेतरी कोणीतरी सही करायला नकार दिला असेल.

आमचं बोलणं थांबवतो. आता प्रश्न घेऊया. मागच्या रांगेत हात वर दिसतोय, तिथून सुरू करू.